पाय ठेवायला जागा

दर पावसाळ्यात एक व्हिडिओ हमखास फिरतो. चिखल केलेलं शेत, पुढं ट्रॅक्टर, मागं साखळीला बांधलेली लाकडी फळी आणि फळीवर उभं असलेलं दहा-बारा वर्षांचं पोरगं. एक हात दोराला, एक हात हवेत, मागं चिखलाचा फवारा. खाली ओळ असते, 'गोव्याला कशाला जाता? हे बघा आपलं देसी सर्फिंग!' मग अंगठे, बदाम, हसरे चेहरे. शाळेच्या ग्रुपवर येतो, सोसायटीच्या ग्रुपवर येतो आणि हापिसातल्या ज्या ग्रुपवर फक्त रिलीजबद्दल बोलायचं ठरलंय, त्याही ग्रुपवर येतो.

मंडळी, मला या व्हिडिओचा भयंकर राग येतो. 'शेतकऱ्याच्या कष्टाची थट्टा' वगैरे मला म्हणायचं नाहीये. बऱ्याचदा तो व्हिडिओ शेतातल्याच कुणीतरी काढलेला असतो आणि पोरगं खरंच मजेत असतं. माझं म्हणणं एवढंच, की तुलना केलीच आहे ना, तर मग पूर्ण करा. सर्फिंग म्हणताय? ठीक. सर्फबोर्डावर जिथं पाय ठेवायचा तिथं जे असतं, ते या फळीवर कुठंय?

आजचा लेख या एकाच प्रश्नावर आहे. जरा लांबण लागेल. शनिवार आहे, चहा घेऊन बसा.

आधी सर्फिंगचं बघू, कारण इथं वाचणाऱ्यांपैकी बरेच जण लाँग वीकेंडला मोरजी-आश्व्याला किंवा खाली कर्नाटकात मुल्कीला जाऊन आलेले असतात. शिकवणीत पहिल्यांदा मऊ फोमचा लांबलचक बोर्ड देतात. तो इतका रुंद असतो की पाय कुठंही पडला तरी फारसं बिघडत नाही. खरी गंमत पुढं येते. माणूस स्वतःचा आखूड, कडक, गुळगुळीत बोर्ड घेतो आणि दुकानात विचारतात, 'ट्रॅक्शन पॅड लावायचा का?'

ट्रॅक्शन पॅड म्हणजे बोर्डाच्या शेपटाकडच्या भागावर चिकटवायचा फोमचा तुकडा. फोम ईव्हीएचा, म्हणजे हलक्या सँडलच्या तळव्याला असतो त्याच जातीचा. जाडी काही मिलिमीटर. वरती चौकडीच्या किंवा हिऱ्याच्या आकाराच्या खाचा, मधे तळपायाच्या कमानीसाठी थोडा उंचवटा आणि अगदी मागं वर उचललेली कड. तिला 'किक' म्हणतात. मागचा पाय सरकत सरकत बोर्डावरून मागं निघून जाऊ नये म्हणून ती.

लावायची पद्धतही सांगतो, कारण माझा मुद्दा तिच्यातच आहे. बोर्डावरचं जुनं मेण आधी खरवडून काढायचं. मग स्पिरिटनं पुसून तेलकटपणा घालवायचा आणि जागा पूर्ण वाळू द्यायची. बोर्डाच्या मधोमध जी लाकडी पट्टी जाते ती मध्यरेषा धरायची. बोर्ड उलटा करून खालच्या फिन कुठं आहेत ते बघायचं, कारण पॅड साधारण त्यांच्या वर आला पाहिजे. लीशची खोबण झाकली जाणार नाही याची काळजी घ्यायची. पॅड तीन तुकड्यांत असेल तर आधी न चिकटवता नुसता मांडून बघायचा, पेन्सिलीनं खुणा करायच्या, स्वतः त्यावर उभं राहून बघायचं. मगच मागचा कागद काढून मधल्या तुकड्यापासून चिकटवायचा, तळहातानं दाबत हवा बाहेर काढायची आणि एक दिवस तरी पाण्यात न्यायचा नाही.

मग पाय. मागचा पाय पॅडवर, बोर्डाला आडवा, फिनच्या वर. वळवायची ताकद तिथंच आहे. तो पुढं पडला तर बोर्ड वळत नाही, नुसता सरळ पळतो. फारच मागं गेला तर नाक वर उचललं जातं आणि वेग मरतो. पुढचा पाय खांद्याएवढ्या अंतरावर, थोडा तिरका, आणि त्याच्याखाली बहुतेक जण आजही मेणच घासतात. गुडघे वाकलेले, कंबर नाही. नजर पुढं. हे सगळं लाट उचलते त्या एक-दोन सेकंदांत जमवायचं असतं, खाली बघायला वेळच नसतो. पॅडचं खरं काम इथं सुरू होतं. घसरण थांबवणं हे अर्धं काम. पाय जागेवर पडलाय की नाही हे न बघता पायालाच कळणं, हे उरलेलं अर्धं. टाच किकला टेकली, कमानीखाली उंचवटा लागला, झालं. अंधारात जिन्याच्या पायऱ्या पायाला कळतात ना, तसंच.

अजून एक गोष्ट. या पॅडला पट्टा नसतो. पाय घट्ट धरायचा, पण बांधायचा नाही, कारण बोर्ड उलटला की माणूस त्यापासून सुटला पाहिजे. पकड हवी आणि सुटकाही हवी. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

हे सगळं काही एका दिवसात सुचलेलं नाही. बोर्डाखाली फिन लावायची कल्पना टॉम ब्लेकनं १९३५ साली अमलात आणली. बोर्ड पायाला बांधायची लीश १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रुळली. हर्बी फ्लेचरनं त्याच दशकात ॲस्ट्रोडेक नावानं पायाखालचे पॅड बाजारात आणले. सायमन अँडरसनचा तीन फिनचा बोर्ड १९८०च्या आसपास आला आणि मागचा पाय नेमका कुठं हवा हा प्रश्न आणखी टोकदार झाला. लाट आहे तशीच राहिली. वर उभा असलेला माणूस घसरतोय म्हणून चार-पाच दशकं बोर्ड बदलत गेला.

आता चला समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, जालन्याला.

आमच्याकडं भाताची चिखलणी नसते. काळी माती, कपाशी, सोयाबीन, मोसंबीच्या बागा आणि पावसाची वाट बघणं, असा आमचा जिल्हा. त्यामुळं व्हिडिओतला चिखल आमचा नाही, आमच्याकडं धूळ उडते. पण आडव्या लाकडावर उभं राहून मागं ओढलं जाणं, हे मात्र शंभर टक्के आमचं आहे. त्याला वखर म्हणतात.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: एक आडवं जाड लाकूड, त्याला आम्ही खोड म्हणतो (पश्चिम महाराष्ट्रात कुळवाचा दिंड म्हणतात तेच). खोडाच्या खाली दोन आधारांवर बसवलेली लोखंडी पास, म्हणजे आडवं पातं. पुढं बैल. वर धरायला रुमणं. नांगरटीनंतर उन्हाळ्यात आणि पेरणीच्या आधी वखराच्या पाळ्या घालतात. पास जमिनीखालून सरकते, ढेकळं फोडते, तण कापते. पण उन्हानं माती दगडासारखी झालेली असली की पास आत शिरत नाही, वरच्या वर घसरते. मग काय करायचं? वजन टाकायचं. वजन कुठून आणायचं? हाकणारा स्वतःच खोडावर चढून उभा राहतो.

त्याचे पाय बघा कधी. रुमण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, एका हातात कासरा, गुडघे किंचित वाकलेले. डावीकडं पास वर आली की वजन डावीकडं, उजवीकडं आली की उजवीकडं. पऱ्हाट्यांचा कचरा पासेत अडकला की पटकन खाली उतरून वखर उचलायचा, झटकायचा, परत चढायचं. हे सगळं खाली न बघता. मुल्कीच्या शिकवणीत पैसे देऊन जे ऐकायला मिळतं, म्हणजे गुडघे वाकव, कंबर वाकवू नको, पायानं बोर्डाशी बोल, ते सगळं यात आहे. कसब आहे, यात वादच नाही.

वाद इथून पुढं आहे. त्या कसबाखाली काय आहे? एक गुळगुळीत लाकूड. वर्षानुवर्षं तळपाय घासून घासून आणखीच गुळगुळीत झालेलं. पाय अनवाणी, नाहीतर झिजलेल्या चपलेत. सकाळचं दव असेल किंवा वळवाचा शिपका येऊन गेला असेल, तर आमची काळी माती तळव्याला अशी चिकटते की चप्पल पावशेर जड होते, आणि त्याच चिकट थरावरून पाय सटकतो. आणि सटकला तर? सर्फिंगमध्ये माणूस पाण्यात पडतो. इथं मागं पडला तर ढेकळांवर आपटतो, कंबर धरून उठतो. पुढं पडला तर त्याच्या आणि बैलाच्या मधे तो असतो, आणि मागून पास येत असते.

ज्या खेळात पडलं तर पाणी आहे, त्या खेळात पायाखाली खाचांचा फोम, कमानीचा उंचवटा, मागची कड, हे सगळं आहे. ज्या कामात पडलं तर लोखंडी पातं आहे, तिथं नुसतं लाकूड. हे 'देसी सर्फिंग' नाही हो. हे बिनपॅडचं, बिनलीशचं आणि बिनपाण्याचं सर्फिंग आहे.

यावर जी उत्तरं येतात ती मला तोंडपाठ झालीत. एकेक घेतो.

पहिलं उत्तर भावनेचं: 'शेतकऱ्याला कुठं असले चोचले लागतात? त्याचे पाय मातीत घट्ट रोवलेले असतात.' हे वाक्य बोलणारा माणूस सहसा अशा खुर्चीत बसलेला असतो जिच्या पाठीचा, हाताचा आणि मानेचा कोन वेगवेगळा बदलता येतो. मान दुखते म्हणून मॉनिटर किती इंच वर हवा यावर त्यानं मेलामेली केलेली असते. स्वतःच्या शरीराला तो यंत्राएवढाच मान देतो, आणि शेतकऱ्याच्या शरीराला मात्र कवितेचा विषय करतो. घसरण्याला कविता कळत नाही. घर्षण कमी पडलं की पाय सुटतो, तो बळीराजाचा असो की आयटीवाल्याचा.

दुसरं उत्तर संस्कृतीचं: 'ही आपली परंपरा आहे, तिकडं कंबळा नाही का?' बरं झालं आठवण काढली. ज्या दक्षिण कन्नड पट्ट्यात मुल्कीला सर्फिंग शिकवतात, तिथंच चिखलपाण्यातून रेडे पळवायचा कंबळा होतो, आणि त्यातल्या काही प्रकारांत धावपटू रेड्यांमागं बांधलेल्या फळीवर उभा असतो. पण कंबळाची धाव काही सेकंदांची असते, धावपट्टी मुद्दाम तयार केलेली असते, धावपटू तरणाबांड असतो आणि हजारो लोक बघत असतात. वखराची पाळी सकाळपासून दुपारपर्यंत चालते, बघायला बगळ्यांशिवाय कुणी नसतं. दोन्हींना परंपरा म्हणून एकाच पोत्यात घालू नका. आणि मेणही परंपराच होतं. पॅड आल्यावर परंपरा बुडाली नाही, पुढच्या पायाखाली अजून घासतातच.

तिसरं उत्तर व्यवहाराचं, आणि ते ऐकण्यासारखं आहे: 'बैल राहिलेत कुठं? ट्रॅक्टर आले. आता वखराची चिंता कशाला?' बैल कमी होताहेत हे खरंय. पण आधी एवढं बघा, की ट्रॅक्टर आला तरी माणूस वजन म्हणून उभा करायची सवय काही गेली नाही. ती आता ट्रॅक्टरमागच्या फळीवर जाऊन बसलीय, आणि तिथं उभं राहायला बऱ्याचदा मोठा माणूसही मिळत नाही, म्हणून पोरगं. बैलाचं एक बरं असतं. मागं कुणी पडलं, ओरडलं, कासरा ताणला गेला, तर बैल थबकतो. ट्रॅक्टरला कान नाहीत. चालवणाऱ्याची नजर पुढं, इंजिनाचा आवाज डोक्यात. म्हणजे धोका गेला नाही, वाढला. आणि जो व्हिडिओ बघून आपण बदाम पाठवतो, तो या वाढलेल्या धोक्याचा आहे.

चौथं उत्तर आपल्या जातीचं, म्हणजे अभियंत्यांचं: 'मग अख्खं अवजारच नव्यानं करूया ना! चाकं लावू, सीट देऊ, सेन्सर...' थांबा. हा प्रयोग होऊन गेलाय. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था १९७२ साली सुरू झाली. आपल्यासारख्याच काळ्या जमिनींसाठी तिथं बैलांनी ओढायचं चाकांचं अवजार पुढं आणलं गेलं. त्याचं नाव ट्रॉपिकल्टर, मूळ आराखडा ज्याँ नोल या फ्रेंच माणसाचा. एकाच सांगाड्याला नांगर लावा, पाभर लावा, कोळपं लावा, शिवाय त्याची गाडीही करा. कागदावर सुंदर. संशोधन केंद्राच्या शेतात तर उत्तमच. पण साध्या अवजारांच्या मानानं महाग, जड आणि गुंतागुंतीचं. १९८८ साली पॉल स्टार्की या अभ्यासकानं जगभरातल्या अशा चाकांच्या अवजारांचा आढावा घेतला, आणि त्याच्या पुस्तकाच्या उपशीर्षकाचाच अर्थ होतो 'परिपूर्ण केलेलं, तरीही नाकारलेलं'. शेतकऱ्यांनी ते घेतलं नाही. शेतकरी अडाणी होते म्हणून नाही, त्यांचा हिशोब बरोबर होता म्हणून.

आपल्या धंद्यात हा धडा जोएल स्पोल्स्कीनं २००० साली नेटस्केपचं उदाहरण देऊन सांगितला होता: चालणारी गोष्ट मोडून शून्यापासून लिहायला घेऊ नका. प्रत्येक टीममध्ये असा एक जण असतोच, ज्याला दोन ओळींचा पॅच द्यायला कमीपणा वाटतो आणि सगळं रीराईट करायचं असतं. ट्रॉपिकल्टर हा रीराईट होता. ट्रॅक्शन पॅड हा पॅच आहे. पॅडनं बोर्ड बदलला नाही, लाट बदलली नाही, माणसाची शिकलेली सवय बदलली नाही. होतं त्यावर काही मिलिमीटर चिकटवले, आणि काम झालं. म्हणून तो जगभर पोचला.

पॅचनं माणसं वाचतात याचा पुरावा शेतीतच आहे. हरितक्रांतीनंतर उत्तरेत गव्हाच्या मळणीयंत्रांनी कितीतरी लोकांचे हात घेतले. त्यावर सुचवला गेलेला मुख्य उपाय काय होता? पेंढ्या आत सरकवायची जागा लांब करायची आणि वरून झाकायची, म्हणजे हात फिरत्या ड्रमपर्यंत पोचणारच नाही. पत्र्याचा एक तुकडा. १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा झाला तो याच पार्श्वभूमीवर. कायदा गावोगाव किती पोचला तो वेगळा विषय, पण कल्पना बघा: यंत्र तेच, वर एक तुकडा.

'पण आपल्याकडं मापंच नाहीत' असंही म्हणायची सोय नाही. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं भारतीय शेतमजुरांच्या शरीराची मापं आणि ताकद यांचं जाडजूड संकलन २००९ साली पुस्तकरूपानं काढलंय. पाऊल किती लांब, हात किती पोचतो, स्त्रियांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. हे काम कुणीतरी गावोगाव फिरून, टेप लावून केलंय. परभणीच्या कृषी विद्यापीठात बैलशक्तीच्या अवजारांवर काम झालंय. जालन्यात खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे. म्हणजे डेटा आहे, प्रयोगशाळा आहे, शेतकऱ्यापर्यंत पोचायची जागा आहे. नाही ती फक्त ही जाणीव, की पाय ठेवायची जागा हा आराखड्याचा भाग आहे.

आणि जालन्यात तर ही जाणीव नसावी याचं मला विशेष आश्चर्य वाटतं. जालना कशासाठी प्रसिद्ध? बियाणं आणि सळई. आमच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांतून निघणारी सळई हातात घ्या. तिच्या अंगावर तिरक्या कडा असतात. कशासाठी? काँक्रीटमधून सळई सटकू नये म्हणून. त्या कडा कशा असाव्यात, किती असाव्यात, याला भारतीय मानक आहे, क्रमांक १७८६. म्हणजे सिमेंटला पकड मिळावी म्हणून ज्या गावात रात्रंदिवस भट्ट्या पेटतात, त्याच गावाच्या शिवारात माणसाच्या तळव्याखाली एक खाच नाही. सळई घसरली तर इमारत पडते, मान्य. माणूस घसरला तर काय पडतं?

नुसती टीका करून पळणाऱ्यांतला मी नाही, तेव्हा करायचं काय ते सांगतो.

सगळ्यात आधी, पोरगं खाली उतरवा. यात चर्चा नाही. वजनच हवंय ना? दगड बांधा, वाळूचं पोतं टाका, जुन्या लोखंडाचा तुकडा बोल्टनं बसवा. तीस किलो दगडाला तोल सांभाळावा लागत नाही, आणि पडला तर त्याची आई रडत नाही. माणूस म्हणजे वजन नव्हे, ही पहिली ओळ. सर्फर बोर्डावर उभा असतो तो बोर्ड चालवायला, बोर्ड दाबायला नव्हे. फळी तर दगडानंही तितकीच दबते, म्हणजे तिथं माणसाचं कामच नाही.

वखराचं थोडं वेगळं आहे. तिथं उभा राहणारा खरंच वखर चालवतो, वजन इकडून तिकडं करतो. तिथंही निम्मं वजन दगडावर टाकता येतंच, म्हणजे चढायची वेळ कमी येईल. पण जेव्हा चढावंच लागतं, तेव्हा खोडावर पायाखाली काहीतरी द्या. पंक्चरच्या दुकानात फेकलेला टायर मिळतो. त्याच्या नक्षीच्या भागाचे दोन तुकडे, एकेका पावलाच्या मापाचे, रुमण्याच्या दोन्ही बाजूंना, खिळ्यांची डोकी आत बुडवून. झाला पॅड. सर्फिंगचा पॅड काही हजारांचा असतो, हा चहा-भज्यांच्या पैशांत होतो. आणि लावायची पद्धत तीच: आधी नुसता मांडा, ज्याचे पाय त्यावर येणार त्याला उभं करा, त्याचा पाय आपोआप जिथं पडतो तिथं खडूनं खूण करा, मग ठोका. आपल्या मापानं नको, त्याच्या मापानं.

कड कुठं द्यायची हा खरा अभियांत्रिकीचा प्रश्न आहे. सर्फबोर्डावर ती मागं असते, कारण पाय मागं सरकतो. वखर मुळात अडकला तर खोड एकदम थांबतं आणि माणूस पुढं जातो. मग कड पुढं हवी का? पण पुढच्या कडेला पाय अडून माणूस तोंडावर आपटला तर? याचं उत्तर हिंजवडीत बसून देता येत नाही. चार शेतकऱ्यांच्या चार वखरांवर चार प्रकार लावून, एक हंगाम बघूनच देता येईल. पट्टा मात्र कुठल्याही परिस्थितीत नको. पकड हवी, सुटकाही हवी. अडकला तर उडी मारता आली पाहिजे. हेच मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं.

हे प्रोजेक्ट म्हणून घेण्यासारखं आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं दरवर्षी तेच ते 'ॲपवरून चालणारं पाणी-मोटार नियंत्रण' करतात. एका गटानं टायरचे दोन तुकडे आणि एक वजनकाटा घेऊन खोडावरच्या पायांचा अभ्यास केला, तर मी त्या प्रोजेक्टला जास्त मार्क देईन. मला मार्क द्यायचा अधिकार नाही, ही गोष्ट वेगळी :)

आणि तुम्ही-आम्ही? आपण कोडच्या चार ओळी मर्ज करायच्या आधी दोन जणांकडून तपासून घेतो. बटण दोन पिक्सेल डावीकडं गेलं तर तिकीट टाकतो. वापरणाऱ्याचा अंगठा फोनच्या पडद्यावर कुठं पोचतो यावर मीटिंगा घेतो. 'युजर', 'युजर' म्हणत दिवस काढणाऱ्या आपल्याला, गावाकडच्या आपल्याच चुलत्याचा पाय कुठं पडतो हे बघावंसं वाटू नये? सर्फिंग जरूर करा. पॅडही लावा, चांगला लावा, फिनच्या वर येईल असा लावा. मी त्याला चोचले म्हणणार नाही. उलट मी म्हणतो, की एवढीच काळजी सगळ्या पायांना मिळायला हवी.

म्हणून विनंती. पुढच्या पावसाळ्यात तो व्हिडिओ परत येईलच. तेव्हा बदाम पाठवू नका. पाठवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: 'पोरगं उभं आहे तिथं दगड का नाही ठेवला?' ग्रुपवर थोडा वेळ शांतता होईल. होऊ द्या.

ता. क. : दिवाळीत गावी जाल तेव्हा रबीच्या पाळ्या चालू असतील. बांधावरून फोटो काढण्याऐवजी खोडाजवळ जाऊन बघा, लाकूड किती गुळगुळीत झालंय ते. हात फिरवला की कळतं. मग पंक्चरवाल्याचं दुकान कुठं आहे, ते गावात कुणीही सांगेल.